६५ मिलिमीटरने कमी पडलेला शाफ्ट

सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या जीपला दुसरा गिअरबॉक्स बसवला. तो मूळच्यापेक्षा आखूड निघाल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारी नळी) अपुरा पडू लागला. पहिल्या दिवशी मी ७८ मिलिमीटरची तूट मोजली होती. पण तेव्हा गाडी जॅकवर होती आणि अ‍ॅक्सल पाट्यांसकट (पट्ट्यांच्या स्प्रिंगांसकट) खाली लोंबत होता. चाके जमिनीवर टेकवून, सगळा भार पाट्यांवर आल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा खरी तूट ६५ निघाली. माप घेताना स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) पूर्ण आत ढकलून साधारण २५ मिलिमीटर बाहेर ओढून ठेवला होता, कारण खड्ड्यात पाटे दबले की त्याला आत सरकायला जागा लागते.

दोन्ही क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे, झिजलेलेच होते. सर्कलिपा (खाचेत बसणाऱ्या अडकवणीच्या कड्या) काढून, व्हाइसमध्ये एका बाजूने लहान आणि दुसऱ्या बाजूने मोठे सॉकेट धरून क्रॉसच्या टोकांवरचे सुयांच्या बेअरिंगचे कप बाहेर काढले. नवे बसवताना मात्र एक कप शेवटचे दोन मिलिमीटर आत जाईना आणि सर्कलिप खाचेत बसेना. हातोडा उचलण्याआधी कप उघडला, ही माझ्या हातून झालेली मोजकी शहाणपणाची गोष्ट. आतली एक सुई आडवी पडली होती. सुया घट्ट ग्रीसमध्ये चिकटवून पुन्हा बसवल्यावर कप हाताच्या दाबानेच आत गेला.

जुन्या नळीच्या मध्यभागी तुकडा जोडण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण त्यात दोन जोड वाढतात आणि सरळपणा हरवतो. त्यामुळे कुपवाडच्या टर्नरकडून लेथवर जुने वेल्डिंग कापून घेतले आणि त्याच व्यासाची अखंड नळी आणली. व्यास कमी करून चालत नाही, कारण शाफ्ट ज्या वेगाला धनुष्यासारखा वाकू लागतो तो वेग नळी बारीक झाली की उतरतो, आणि लांबी वाढल्याने तो आधीच लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरलेला असतो. ९०० मिलिमीटरचा शाफ्ट ९६५ झाला की ती मर्यादा सुमारे १३ टक्क्यांनी खाली येते.

सर्वांत जास्त वेळ योक (क्रॉस धरणारे शाफ्टच्या टोकांचे दुबेळके) जुळवण्यात गेला. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत आणि दोन्ही कोन सारखे असतील, तरच एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो. म्हणून क्रॉस उतरवून, योकच्या भोकांतून गज घालून दोन्हीकडे पाणसळ धरली. समोरासमोर वेल्डिंगचे चार टाके मारले, व्ही-ब्लॉकवर शाफ्ट फिरवून डायल गेजवर त्याचा वाकडेपणा पाव मिलिमीटरच्या आत आणला आणि मगच पूर्ण वेल्डिंग केले, तेही आलटून पालटून विरुद्ध बाजूंनी.

मिरज रस्त्यावर ५५ च्या पुढे तरीही थरथर जाणवली. घरी बॅलन्सिंग होत नाही, हे मान्य करून शाफ्ट बॅलन्सिंगला दिला; तो दोन छोटी वजने लावून परत आला आणि थरथर थांबली. दोनशे किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट तपासले, तेव्हा चारपैकी एक पाव फेरा सैल झालेला आढळला.