शिबुयातील मंगळवारची संध्याकाळ

जपानमध्ये नवी सीडी बहुधा बुधवारी प्रसिद्ध होते, परंतु ती घेणाऱ्यांची खरी झुंबड मंगळवारी संध्याकाळीच उडते, कारण दुकानांत माल आदल्या दिवशी येतो आणि तो मांडण्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याची पद्धत तिथे नाही. चाहते या आदल्या दिवसाच्या खरेदीला ‘फुरागे’ म्हणतात. 2 जुलै 2019 हा असाच एक मंगळवार होता. बीटीएस या सात जणांच्या कोरियन गटाची ‘लाइट्स’ ही जपानी सीडी दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होणार होती, आणि माझ्या भाचीने जपानच्या प्रवासाची सगळी आखणी त्या एका संध्याकाळीभोवती केलेली होती.

टोकियोतील शिबुया भागातल्या टॉवर रेकॉर्ड्स या सीडींच्या दुकानात आम्ही पोहोचलो तेव्हा कोरियन संगीताच्या विभागात पाय ठेवायला जागा नव्हती, तरीही आवाज मात्र वाचनालयात असावा तितकाच होता. मला गर्दीचा मनापासून तिटकारा आहे; गणपतीत मी लक्ष्मी रस्त्याच्या वाटेलाही जात नाही. त्या रांगेत मात्र कोणी कोणाला ढकलत नव्हते, पुढच्याच्या खांद्यावरून वाकून पाहत नव्हते आणि एखादी मुलगी सातही सदस्यांच्या मोठ्या छायाचित्राचा फोटो घेत असली, तर बाकीच्या तिचे होईपर्यंत शांतपणे थांबत होत्या.

या सीडीत तीन गाणी होती. ‘बॉय विथ लव्ह’ आणि ‘आयडॉल’ ही मूळची कोरियन गाणी जपानीत पुन्हा गायलेली होती, तर ‘लाइट्स’ हे जपानी श्रोत्यांसाठीच नव्याने रचलेले होते. कोरियन गटांची ही रीत जुनी आहे. तोहोशिंकी या नावाने जपानमध्ये ओळखल्या जाणाऱ्या गटाने 2005 साली तिथे जपानी गाण्यांनिशी पदार्पण केले, छोट्या कार्यक्रमांपासून सुरुवात केली आणि 2008 साली विक्रीच्या यादीत पहिले स्थान मिळवले. बीटीएसनेही जून 2014 मध्ये आपल्या पहिल्या कोरियन गाण्याची जपानी आवृत्ती घेऊनच जपानमध्ये प्रवेश केला होता. परक्या बाजारपेठेतील नफ्याचा हिशेब त्यामागे आहे, हे उघड आहे. तरीही जपानी शिकताना एकेका स्वरासाठी पुण्यातील बाईंची बोलणी खाल्लेली असल्यामुळे, कोरियन जिभेला हे उच्चार किती कष्टाने वळवावे लागले असतील याची मला कल्पना आहे, आणि त्या कष्टांना मी केवळ व्यापार म्हणणार नाही.

त्या संध्याकाळीला आणखी एक संदर्भ होता. आदल्याच दिवशी, 1 जुलै रोजी, जपान सरकारने दक्षिण कोरियाला होणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध जाहीर केले होते. सेमीकंडक्टर आणि फोन-टीव्हीचे पडदे बनवण्यासाठी लागणारी ही रसायने होती आणि निर्बंध 4 जुलैपासून, म्हणजे सीडीच्या प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी, लागू व्हायचे होते. युद्धकाळात सक्तीने राबवलेल्या कोरियन मजुरांना जपानी कंपनीने भरपाई द्यावी, असा निकाल कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्यापासून दोन्ही देशांतील संबंध बिघडत चालले होते. हॉटेलातील दूरचित्रवाणीवर सकाळपासून हीच चर्चा सुरू होती, आणि इथे रांगेतील प्रत्येकीच्या हातात कोरियन तरुणांचे चेहरे होते.

आमच्या पुढे सत्तरीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. फिकट निळा सुती सदरा, हातात कापडी पिशवी आणि त्या पिशवीला गटाच्या चिन्हाचे एक छोटेसे पदक. त्यांनी वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या तीन सीडी घेतल्या. खाली आल्यावर रस्त्याच्या कडेला बऱ्याच मुली आपापली पाकिटे उघडून कार्डांची अदलाबदल करत होत्या. अशा सीडींमध्ये सदस्यांची छायाचित्रे असलेली कार्डे घातलेली असतात आणि कोणाचे कार्ड निघेल, हे पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. भाचीला गटातील शुगाचे कार्ड हवे होते, निघाले दुसरेच, आणि तिचा चेहरा पडलेला पाहून त्या बाई स्वतःहून पुढे आल्या. त्यांनी आपल्याकडचे शुगाचे कार्ड आधी पारदर्शक पाकिटात सरकवले, त्यासोबत एक कागदात गुंडाळलेली गोळी ठेवली आणि ते सगळे दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. अनोळखी व्यक्तीशी कार्ड बदलताना खाऊ देण्याची तिथे पद्धतच आहे. भाचीने आपले कार्ड तसेच दोन्ही हातांनी दिले आणि पर्समधली आमच्याकडची राजगिऱ्याची वडी त्यावर ठेवली.

मग आम्ही बराच वेळ बोललो. 2003 साली एनएचके या जपानी वाहिनीवर ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका लागली तेव्हापासून आपण कोरियन शिकत आहोत, असे त्यांनी सांगितले. मी धीर करून बातम्यांचा विषय काढला. त्या उत्तर देण्याऐवजी आदल्या नोव्हेंबरकडे वळल्या. गटातील जिमिनने पूर्वी कधीतरी घातलेल्या सदऱ्यावर अणुबॉम्बच्या स्फोटाचे चित्र होते, म्हणून 9 नोव्हेंबर 2018 रोजीच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातून बीटीएसला ऐनवेळी वगळले गेले होते. ‘माझी आई नागासाकीजवळची,’ त्या म्हणाल्या, ‘तो सदरा पाहून मला फार वाईट वाटले. कार्यक्रम रद्द झाला त्याचेही वाईट वाटले. घरात मी दोन्ही गोष्टी बोलून दाखवल्या, तेव्हा मला कोणीच समजून घेतले नाही.’

पुढे त्यांनी जे सांगितले, त्यासाठी मी हा सगळा लेख लिहीत आहे. गटाच्या कंपनीने नंतर लेखी माफी मागितली आणि तिचे प्रतिनिधी दक्षिण कोरियातील हाप्चॉन या गावी अणुबॉम्बपीडितांच्या संघटनेला भेटून आले. ती बातमी वाचेपर्यंत, हिरोशिमा आणि नागासाकीत कोरियन माणसेही हजारोंच्या संख्येने होरपळली होती आणि वाचलेल्यांपैकी अनेकजण हाप्चॉनला परतले होते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. आईने आयुष्यभर सांगितलेल्या कहाण्यांमध्ये ती माणसे कुठेच नव्हती. ‘त्यांच्यामुळे मला ते कळले,’ त्या म्हणाल्या आणि पिशवीवरील पदकाकडे त्यांनी बोट दाखवले. त्यानंतर त्या हाप्चॉनला जाऊन आल्या होत्या.

मला त्या वेळी काही बोलता आले नाही. भाची मात्र हाप्चॉन कुठे आहे, तिथे कसे जायचे, हे मोडक्या जपानीत विचारत राहिली आणि बाई तिला पिशवीतील वहीच्या पानावर नकाशा काढून देत राहिल्या.

नंतरचे दिवस निक्को, कामाकुरा आणि क्योतो या ठिकाणी पर्यटकांनी जसे घालवावेत तसेच गेले. शनिवारी आम्ही ओसाकाला होतो. तिथल्या नागाई मैदानावर 6 आणि 7 जुलैला बीटीएसचे कार्यक्रम होते आणि आमच्याकडे तिकीट नव्हते. तिकिटे सोडतीने मिळतात, आणि चढ्या भावाने पुनर्विक्री करण्याला बंदी घालणारा कायदा जूनच्या मध्यापासून लागू झालेला होता. तो उत्तम कायदा आहे, असे मी तिकीट नसतानाही म्हणेन. मैदान वरून उघडे असल्यामुळे भोवतालच्या उद्यानात गाणी ऐकू येतात. हिरवळीवर शेकडो माणसे चटया टाकून बसली होती, त्यांत कोरियाहून आलेल्या मुलीही होत्या. हवा दमट होती, डास होते, आणि शब्द नीट कळत नव्हते. त्याच शहरात आठवड्यापूर्वी जी-20 परिषदेसाठी दोन्ही देशांचे नेते एकत्र आले होते आणि औपचारिक चर्चा न करताच परतले होते. शेजारच्या चटईवरील जपानी आणि कोरियन मुली मात्र एकमेकींना पंख्याने वारा घालत, जे गाणे ऐकू येईल ते ज्या भाषेत येते त्या भाषेत म्हणत होत्या.

ऑगस्टमध्ये ‘लाइट्स’ला जपानच्या ध्वनिमुद्रण संघटनेचे दहा लाखांचे प्रमाणपत्र मिळाले. जपानबाहेरच्या पुरुष कलावंतांच्या सिंगलला, म्हणजे अशा मोजक्या गाण्यांच्या सीडीला, असे यश प्रथमच मिळत होते. परदेशी कलावंतांमध्ये त्याआधीचे उदाहरण 1995 मधील सेलिन दिओन या गायिकेच्या गाण्याचे होते. या आकड्याचे कौतुक करताना मी थोडी अडखळते. त्या प्रमाणपत्रासाठी दुकानांकडे रवाना झालेल्या प्रती मोजतात, आणि एकेका व्यक्तीने तीन-तीन आवृत्त्या घेतलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. हव्या त्या चेहऱ्याच्या आशेने तेच गाणे पुन्हा पुन्हा विकत घ्यायला लावणारी ही विक्रीची रीत मला मुळीच मान्य नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचे खाऊचे पैसे त्यात जातात, आणि अदलाबदलीत दिसणारा जो जिव्हाळा मी वर वर्णिला, तो या रीतीने निर्माण केलेला नाही. तो त्या माणसांचा स्वतःचा आहे. त्यामुळे कोणी मला विचारले, तर एकच साधी आवृत्ती घ्यावी आणि उरलेल्या पैशांत ओसाकापर्यंतचे भाडे भागवावे, असेच मी सांगते. माझी भाची हे ऐकत नाही.

हाप्चॉनला रेल्वे जात नाही, सोलहून बसनेच जावे लागते. 2017 साली तिथे अणुबॉम्बपीडितांचे संग्रहालय उघडले आहे. बाईंनी काढून दिलेला नकाशा भाचीने जपून ठेवला आहे, आणि आमचा पुढचा प्रवास तिकडचाच असेल.