सासूबाईंची हलकी झोप आणि प्लांटेड टँकचा फिल्टर

आमची माशांची टाकी प्लांटेड, म्हणजे आत खरी पाणवनस्पती लावलेली; दोन फुटी, २४ बाय १२ बाय १५ इंच. काठोकाठ भरली तर ७० लिटरच्या आसपास बसतात, पण माती, दगड, लाकूड धरलं की प्रत्यक्षात पाणी ५५ लिटरच. झाडं म्हणजे अनुबियास, जावा फर्न, दोन-तीन प्रकारचे क्रिप्ट, मागे व्हॅलिसनेरिया; शिवाय थोडे निऑन टेट्रा मासे आणि चेरी श्रिंप, म्हणजे इवलीशी कोळंबी. टाकी हॉलमध्ये आहे आणि हॉलमधल्याच दिवाणावर सासूबाई झोपतात. पुण्यात धायरीतला वन बीएचके, त्यामुळे टाकी दुसरीकडे हलवायचा विषयच नाही आणि सासूबाईंना हलवायचा तर त्याहून नाही.

उन्हाळा-पावसाळा काही प्रश्न आला नाही कारण पंखा सुरू असायचा. डिसेंबरात पंखे बंद झाले आणि सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "अगं, तुझी टाकी रात्रभर काहीतरी बडबडत असते." मी म्हटलं आई तो फिल्टर आहे. "मग रात्री बंद करत जा की." आता हे त्यांना कसं सांगायचं, की फिल्टर म्हणजे नुसती कचरा गाळायची चाळणी नाही, स्पंजवर जे बॅक्टेरिया बसलेले असतात ते माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्यांना चोवीस तास ऑक्सिजनवालं वाहतं पाणी लागतं. झाडंही अमोनिया खातात हे खरं, माझ्या टाकीत तर झाडंच जास्त आहेत, पण रोज रात्री आठ तास बंद हा काही मार्ग नव्हे. त्यांना एवढंच सांगितलं की मासे आजारी पडतील. त्यावर त्या गप्प बसल्या, आणि मी कामाला लागले.

तेव्हा माझ्याकडे स्पंज फिल्टर होता, एअर पंपावरचा, म्हणजे पंपाच्या हवेचे बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी स्पंजमधून ओढतात. स्वस्त, टिकाऊ, श्रिंपच्या पिल्लांना सगळ्यात सुरक्षित, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एअर पंपात फिरणारी मोटर नसते, एक कॉइल असते आणि तिच्यासमोर चुंबक लावलेली पट्टी, आपली लाइट ५० हर्ट्झची त्यामुळे ती पट्टी सेकंदाला ५० वेळा थरथरते आणि तिला जोडलेला रबरी डायफ्रॅम हवा ढकलतो. म्हणजे तो घूंऽऽ आवाज हा बिघाड नाहीच, पंप चालतोच तसा. पंप दोरीने लटकवला, खाली फोम ठेवला, घूं बऱ्यापैकी कमी झालं. पण मग बुडबुड्यांचा गुडगुड आवाज ऐकू यायला लागला, जो आधी घूंच्या मागे लपला होता. स्पंजच्या उभ्या नळीत आत छोटा एअर स्टोन (हवा बारीक भोकांतून सोडणारा दगड) बसवला की मोठ्या बुडबुड्यांचे बारीक होतात आणि आवाज अर्ध्यावर येतो, ते पण केलं. तरी रात्री दोन वाजता शांत हॉलमध्ये उभं राहिलं की ऐकू यायचंच.

आणि खरं सांगायचं तर झाडांच्या टाकीत एवढ्या बुडबुड्यांची गरजही नव्हती. दिवसा टाकीवरचा दिवा सुरू असताना झाडं स्वतःच ऑक्सिजन सोडतात, आणि तुम्ही झाडांच्या वाढीसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देत असाल तर जोरात खळबळणारं पाणी तो उडवून लावतं. मी त्या सुमारास सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा बाटलीवाला सीओटू लावायच्या विचारात होते, म्हणजे पैसे घालून गॅस सोडायचा आणि शेजारीच बुडबुडे लावून तो हवेत घालवायचा. मग माझ्या डोक्यात हळूहळू असं बसलं की आवाज करणाऱ्या बहुतेक गोष्टी, बुडबुडे, धबधबा, छपछप, या प्लांटेड टँकला तशाही नकोच आहेत. त्याला हवं सगळीकडे पोचणारं सावकाश पाणी आणि वरच्या थरावर जेमतेम लाट, म्हणजे तेलकट साय धरत नाही.

मग हँग-ऑन फिल्टर, जो काचेच्या काठावर मागे अडकवतात आणि गाळलेलं पाणी त्याच्या ओठावरून धबधब्यासारखं परत टाकीत पडतं. मैत्रिणीकडे पडून होता तो महिनाभर आणून लावला. मोटर छान शांत. पण धबधब्याचं काय, टाकी काठापर्यंत भरलेली असेल तर पाणी ओठावरून सुळकन घसरतं आणि काही ऐकू येत नाही, दोन बोटं पाणी उडालं की नळाखाली बादली ठेवल्यासारखं सुरू. आणि पुण्याच्या कोरड्या हवेत, त्यातून झाकण नसलेल्या टाकीत, पाणी उडायला काय वेळ लागतो. एप्रिल-मे मध्ये तर रोज तांब्या घेऊन उभं राहावं लागलं असतं. शिवाय आमच्याकडे टँकर आणि बोअरचं मिक्स पाणी, त्या ओठावर पांढरा क्षार धरला की पाणी एकसंध न पडता फुटून पडतं, मग आणखी आवाज. व्हिनेगर लावून घासलं की निघतं, पण कोण रोज घासणार. ज्यांच्याकडे खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी आहे त्यांना क्षाराचा त्रास कमी होईल, क्लोरीन मात्र मारून घ्यायचा, नाहीतर तेच बॅक्टेरिया मरतात.

दुकानात गेले. आता दुकान ही फिल्टरचा आवाज ऐकायची सगळ्यात वाईट जागा, भिंतभर टाक्या, कोपऱ्यात मोठा ब्लोअर, बाहेर रस्त्यावर पीएमपी बसचे हॉर्न. काका म्हणतात, "ताई, एकदम सायलेंट आहे, हात लावून बघा." हात लावूनच बघायचं असतं खरं तर, कारण थरथर हाताला कळते, कानाला नाही कळत तिथे. मी त्यांना म्हटलं काका बादलीत लावून दाखवा ना, मागच्या खोलीत, तर त्यांनी कुरकुर न करता दाखवलं. कोरडा कधीही चालवायचा नाही हे त्यांनीच बजावलं, पंप पाण्यानेच थंड राहतो आणि इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंख्याचा, शाफ्ट पाण्यातच गुळगुळीत फिरतो.

आतल्या इंटरनल फिल्टरचा पर्याय पण होता. पाण्याखाली असल्यामुळे आवाज कमी, किंमत कमी. पण एवढ्या टाकीत तो काळा डबा झाडांपेक्षा जास्त दिसतो, आणि त्याचा प्रवाह एका ठिकाणी जोरात, त्यामुळे समोरची व्हॅलिसनेरिया कायम आडवी. काचेला चिकटवायचे ते सक्शन कप कडक झाले की फिल्टर काचेवर कडकड वाजतो हेही मी आधी भोगलंय.

शेवटी कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर कॅबिनेटमध्ये ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, पाणी पाइपने आत-बाहेर जातं. एवढ्याशा टाकीला कॅनिस्टर म्हणजे उधळपट्टी असं नवऱ्याचं मत आणि ते अगदीच चूक नाही, हँग-ऑनच्या दुप्पट-तिप्पट पैसे जातात. जर्मन ईहाइमचं नाव सगळे घेतात, ते माझ्या बजेटच्या बाहेर, मी चिनी छोटा घेतला. निवडताना बघितलं काय, तर एक, लिटर पर अवर, म्हणजे तासाला किती पाणी फिरवतो. साधारण टाकीच्या पाच ते दहापट असावं म्हणतात, पण बॉक्सवरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्या की बराच खाली येतो, म्हणून मी ४०० लिटरवाला घेतला, जो भरल्यावर माझ्या झाडांना बरोबर बसला. दुसरं, इम्पेलर, त्याचा शाफ्ट आणि झाकणाची ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) सुटी मिळते का. हे तिसऱ्या दुकानात विचारल्यावर एका माणसाने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी विमानाचे पार्ट मागतेय. वीज किरकोळ, ८ वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला सहा युनिटसुद्धा होत नाहीत.

लावल्यावर पहिल्या रात्री आवाज! सासूबाई दिवाणावर उठून बसल्या. मी घाबरले नाही कारण कॅनिस्टरमध्ये सुरुवातीला हवा अडकलेली असतेच, ती इम्पेलरमधून गेली की खरखर वाजतं. डबा दोन्ही हातांनी धरून इकडून तिकडे कलंडवायचा, आउटलेटमधून बुडबुड्यांची फुस्स येते, पुन्हा कलंडवायचा. नव्या स्पंजमधली हवा निघायला थोडे दिवस लागतात.

हवा गेली तरी एक बारीक गुणगुण राहिली. आता ही कुठून येते ते शोधायला मी कॅबिनेटसमोर जमिनीवर आडवी पडले, मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका जागी टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची, गॅरेजवाले करतात तसं. फिल्टरवर टेकवलं तर जेमतेम, कॅबिनेटच्या मागच्या पातळ प्लायवर टेकवलं तर भोंगा. डबा त्या प्लायला जरासा टेकला होता, बस. दोन इंच पुढे ओढला, खाली जुन्या योगा मॅटचे दोन तुकडे घातले, पाइप जिथे लाकडाच्या भोकातून जातो तिथे फोमची पट्टी गुंडाळली. गुणगुण गेली. म्हणजे मोटर बिचारी आधीपासूनच शांत होती, बोलत होतं ते कॅबिनेट. आउटलेटला स्प्रे बार, म्हणजे ओळीने भोकं असलेली नळी, लावली आणि भोकं पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली मागच्या काचेकडे वळवली, त्यामुळे पाणी काचेवर आदळून सौम्य होऊन परत येतं. इनलेटवर स्पंजची टोपी, श्रिंपची पिल्लं आत जाऊ नयेत म्हणून. ही टोपी चोंदली की प्रवाह कमी होतो, मग आठवड्याला टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यायची.

जुना स्पंज फिल्टर लगेच काढला नाही. काही आठवडे दोन्ही बरोबर चालू ठेवले, रात्री फक्त एअर पंप बंद, म्हणजे नव्या मीडियावर (डब्यातल्या स्पंज-रिंगांवर) बॅक्टेरिया धरेपर्यंत जुन्याचा आधार. अमोनियाची टेस्ट शून्य येत राहिली तेव्हाच तो उचलला.

आता एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, आणि हा इतका शांत फिल्टर एकदम भुंग्यासारखा घुमायला लागला. मला वाटलं गेला. पण आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला, त्याच्यावर असल्या मोटरा आणि पंखेसुद्धा घुमतात, लाइट आल्यावर आपोआप गप्प. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा त्रास नाही. मी आता कॅनिस्टरचा प्लग इन्व्हर्टरवरून काढून साध्या लाइनवर टाकलाय. तास-दोन तास बंद राहिला तर काही होत नाही, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत गेली असेल तर डब्यात कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून ते नासतं, अशा वेळी सुरू करायच्या आधी डबा उघडून ते पाणी ओतून द्यायचं, टाकीत नाही सोडायचं. त्या दिवशी जुना स्पंज बॅटरीवरच्या छोट्या एअर पंपाला जोडते, दिवसा सासूबाईंची हरकत नसते.

साफसफाई दोन-तीन महिन्यांनी, आणि वेळ झाली की तो स्वतःच सांगतो, बारीक टकटक सुरू होते. बहुतेकदा इम्पेलरच्या खोबणीत वाळूचा कण किंवा शेवाळाची लगदी असते, जुन्या टूथब्रशने निघते. शाफ्ट सिरॅमिकचा असेल तर काढताना जपून, काडीसारखा मोडतो, आणि त्याच्या टोकांना रबराच्या इवल्याशा टोप्या असतात त्या सिंकमध्ये वाहून जाऊ द्यायच्या नाहीत, बाऊलमध्येच धुवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. कुणी सेकंड हँड कॅनिस्टर घेत असेल तर पैसे द्यायच्या आधी ही ओ-रिंग बोटाने दाबून बघा, कडक किंवा चिरलेली असेल तर नवी मिळते का ते आधी विचारा, आणि लावल्यावर पहिली रात्र डब्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा.