पद्मिनीच्या दारांवरचे रेक्झिन
जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि वडिलांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दारांवरचे रेक्झिन कडक होण्याचे कारण त्या उन्हातच आहे. रेक्झिनवरच्या पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या थराला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर उष्णतेने हळूहळू निघून जाते आणि वरून काही चोळून ते परत येत नाही. म्हणून रेक्झिन नव्याने रंगवायचे ठरवले, आणि जुने सिलिकॉन पॉलिश मी आधी पूर्ण काढले, कारण त्यावर रंग धरतच नाही. साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून, सुकल्यावर व्हिनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्याच, खास रंगाचे तीन अगदी पातळ थर दिले. जाड थराने दाणेदार पोत बुजला असता, आणि उजव्या दारावर वडिलांचा कोपर टेकत असे तो पोतच मला जपायचा होता. तडकलेल्या पट्टीवर मात्र नवे रेक्झिन चढवावे लागले.