सीडी १०० चं हाफ इंजिन, २०८० रुपयांत

पप्पांची हिरो होंडा सीडी १०० दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. १९९१ चं मॉडेल. चालू व्हायची, पण निळा धूर मारायची आणि ऑइल प्यायची. एका गॅरेजात विचारलं तर हाफ इंजिनचे, म्हणजे हेड, बोर (पिस्टन ज्यात मागं-पुढं होतो ते नळकांडं) आणि पिस्टन एवढाच भाग दुरुस्त करायचे, सात हजार सांगितले, वर भंगारात घाला म्हणाले. त्या गाडीच्या टाकीवर बसून मी शाळेत गेलोय, भंगारात कशी घालणार? म्हटलं आपणच उघडू, फक्त माप घेतल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

या इंजिनाचा सिलिंडर पुढं आडवा झोपलेला असतो, त्यामुळं हेड-बोरच्या कामाला इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही. मॅग्नेटवरची टी ची खूण (पिस्टन टोकाला आल्याची) जुळवली, टायमिंग चेन सोडवली, हेड काढलं. बोरच्या वरच्या कडेजवळ नख फिरवलं तर अडकलं, पायरी पडलेली. जुनी रिंग बोरमध्ये सरळ बसवून तिच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) घातला तर १ मिमीची पात आरामात आतबाहेर, धूर इथूनच होता. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली ओढून बघितला, अजिबात ढिला नाही, तिथं जीव भांड्यात पडला कारण तो गेला असता तर फुल इंजिनच, म्हणजे क्रँकसकट सगळं खोलायचं.

बोर घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. लेथवाले मामा पहिलं काय विचारले तर, "पिस्टन आणलाईस काय? न्हाई? मग आधी पिस्टन आण. मी पिस्टन मापून बोर करतो, डब्यावरच्या आकड्यावर न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा राव. पिस्टन आणि बोरमधला गॅप केसापेक्षा बारीक असतो, तिथं अंदाज चालत नाही. ०.५० मिमी ओव्हरसाइज (मोठ्या मापाचं) पिस्टन-रिंग किट ७५० ला आणलं, बोर-होनिंगचे (आतून कापून घासायचे) ४०० दिले. ५० मिमीचा बोर ५०.५ झाला, म्हणजे ९७.२ सीसीची गाडी आता ९९ ची.

व्हॉल्व मात्र नवीन घेतले नाहीत. पेस्ट लावून हातानं घासले, सीटवर सगळीकडून एकसारखी राखाडी रेघ येईपर्यंत, मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवलं, एक थेंब गळला नाही. गॅस्केट, सील, टायमिंग चेन आणि पेस्ट मिळून ५५०, ऑइल ३८०.

जोडताना पिस्टनवरची आयएन (IN) ही खूण इनटेककडं, पेट्रोल-हवा आत येते त्या बाजूला, ठेवायची, आणि सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी बारीक क्लिप) बसवायच्या आधी क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचंच, आत पडली तर सगळं इंजिन खोलायला लागतं. किक मारायच्या आधी हातानं दोन फेरे फिरवलं तर कॅमची खूण एक दात मागं, परत सोडवून जुळवली. टॅपेट (व्हॉल्ववरची फट) ०.०५ मिमीला लावले.

पाचव्या किकला चालू झाली. पप्पा काही बोलले नाहीत, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभे राहिले, मग हात बघितला, कोरडा.

पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही. काल रंकाळ्यावर थांबून डिपस्टिक काढली, ऑइल होतं तिथंच आहे.