रात्री कुठे झोपला होतास?

ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला पहाटेचा पोटदुखीचा रुग्ण नवीन नसतो. शिळे अन्न, गढूळ पाणी, उपाशीपोटी घेतलेली दारू अशी कारणे इतकी हाताशी असतात की पुष्कळदा आधी केसपेपरवर निदान उमटते आणि मग रुग्णाकडे पाहिले जाते. भाद्रपदातल्या एका पहाटे साडेचारला शेतमजुरी करणारी एक बाई आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोटात पिळवटते, दोन उलट्या झाल्या, घसाही दुखतो, एवढे तिने सांगेपर्यंत मी ‘ॲसिडिटी’ या शब्दातली पहिली दोन अक्षरे लिहिलीही होती.

तिथे पेन थांबले, ते माझ्या एका वहीमुळे. चुकलेल्या निदानांची नोंद मी तीन वर्षे त्या वहीत करत होतो आणि त्याच उन्हाळ्यात ती प्रथमच सलग वाचली होती. चार नोंदी याच शब्दाने सुरू होत होत्या. चारही पावसाळ्यातल्या, रात्री तीन ते सकाळी सहा या वेळेतल्या, आणि चौघेही जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेले होते, हे मला नातेवाइकांकडून नंतर कळले होते. त्यांतल्या एकाला मी इंजेक्शन देऊन घरी पाठवले होते आणि आठ वाजता त्याला परत आणले तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. तोवर प्रत्येक वेळी मी ‘साप चावल्याचे सांगितलेच नाही’ असे म्हणून दोष रुग्णाच्या पदरात टाकला होता. पण त्यांनी सांगावे तरी काय? मण्यार रात्री झोपेत चावते, तिचे दात इतके बारीक असतात की बहुधा सूज येत नाही, वेदना होत नाही आणि खूणही सापडत नाही. हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते, परंतु सर्पदंशाच्या प्रकरणात, पोटदुखीच्या नव्हे.

मी विचारले, “बाळा, रात्री कुठे झोपला होतास?”

उत्तर आईने दिले, “खालीच की, डॉक्टर. खाट एकच हाय, तिच्यावर म्हातारी असती.”

मी त्याला वर पाहायला सांगितले. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. एका श्वासात आकडे मोजायला सांगितल्यावर तो चौदापर्यंत पोहोचला, दहा मिनिटांनी नवावरच अडकला. परीक्षानळीतले रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठले, म्हणजे ज्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते त्या घोणस किंवा फुरसे असण्याचा संभव कमी झाला. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर मिळून एकच असल्याने साप पाहिलेला नसला तरी अडत नाही. लसीची तीव्र ॲलर्जी आलीच तर द्यायचे ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवले आणि दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या.

मात्र मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा करून गेले की लस ती इजा भरून काढू शकत नाही. टोके पुन्हा सावरेपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागतो. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याच्या श्वासनलिकेत नळी घातली होती आणि परिचारिका व मी आळीपाळीने अम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत होतो. डोळे मिटलेले असले तरी अशा रुग्णाला सगळे ऐकू येत असते, म्हणून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर त्याच्या आईला मी त्याच्याशी बोलत राहायला सांगितले. ती म्हातारीबद्दल, शेळीबद्दल, मिळेल त्या विषयावर बोलत राहिली.

पाचव्या दिवशी त्याची नळी निघाली. पुढे नोंदी तपासताना आमच्या लिपिकांनी तो केसपेपर माझ्यासमोर ठेवला. खोडलेल्या मजकुराशेजारी सही राहिली होती. ‘ॲसि’वरच्या आडव्या रेघेपुढे मी सही केली, तारीख व वेळ लिहिली आणि घरी गेल्यावर वहीतही ती पाचवी नोंद केली.