मार्जिन न ठेवता

रविवार, रात्र

दोनदा उसवलेली बाजू आज शेवटी जमली. टॉप अंगात घातला, हात वर केले, खाली वाकले, टीप तुटली नाही. इतका आनंद झाला की रात्रीच लिहायला बसले.

टॉप जुन्या टी-शर्टांचा. कपाट आवरताना तीन टी-शर्ट बाजूला काढले होते. निळा आणि राखाडी ह्यांचे, काळा माझा. काखेत विरलेले, गळे सैलावलेले, पण पाठ-पोट अजून भक्कम. तिन्ही सुती आणि हाताला सारख्याच जाडीचे. ह्यांचा पळण्याच्या स्पर्धेतला पॉलिस्टरचा टी-शर्ट घ्यायचा फार मोह झाला होता, पण त्याचा ताण वेगळा. सुतीशेजारी जोडला की शिवण सुरकुतते.

मला शिवण आईने शिकवलं. छाती 36 असेल तर त्यावर थोडा सैलपणा, शिवाय आत बाजूंना इंचभर मार्जिन, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल असं जादा कापड. "अंग वाढतं गं, कापड वाढत नाही," हे तिचं वाक्य कात्री हातात घेतली की आजही ऐकू येतं. होजिअरीत, म्हणजे टी-शर्टच्या विणीच्या कापडात, मात्र कापडच वाढतं. चार इंचांची घडी आडवी ओढून पट्टीवर धरली, तर साडेपाचापर्यंत गेली. म्हणजे अंगाबरोबर बसायला हवं तर 36 साठी 34 च कापायचं. अंगापेक्षा लहान! खडूची रेघ मारताना हात अडला. पहिल्यांदा मी सवयीने मार्जिन ठेवलंच, आणि काखेखाली पिशवी लोंबली. ती बाजू उसवली.

दुसऱ्यांदा साधी सरळ टीप मारली. कापड ताणलं, दोरा ताणला गेला नाही, डोक्यातून घालताना कटकट तुटला. पुन्हा उसवणं. आता बारीक झिगझॅग घातली आहे, आणि कापड मशीनखाली ओढलं जाऊन लाटा पडू नयेत म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी. शिवून झाल्यावर ती टिपेवरून फाडून काढायची.

मांडणी प्रिन्सेस कटची, म्हणजे उभ्या तुकड्यांची. मध्ये राखाडी, दोन्ही बाजूंना निळा, गळ्याला काळी पट्टी. आडवा ताण अंगाभोवतीच यायला हवा, म्हणून प्रत्येक तुकडा टी-शर्टवर उभाच ठेवून कापला. खालची तयार दुमड तशीच वापरली. कापलेल्या कडा सुटत नाहीत, फक्त गुंडाळतात. गळ्याची पट्टी मात्र नीट मोजावी लागली: गळा 24 इंच, पट्टी 20. ती चार भागांत टाचून, पट्टीच तेवढी ताणत शिवली. गळा असा सपाट बसला की मी आरशासमोरून हलेना.

संध्याकाळी आई आली. तिने टॉप पहिल्यांदा उलटाच केला, ती नेहमी आतूनच बघते.

"मार्जिन कुठंय?"

"नाहीये आई. लागत नाही ह्याला."

तिने बाजूची शिवण दोन्ही हातांनी ओढली. सोडली. पुन्हा जरा जोरात ओढली. मग म्हणाली, "सुई दाखव बघू."

बॉलपॉइंट सुई काढून तिच्या हातावर ठेवली. हिचं टोक जरा गोलसर असतं, विणीतल्या फासांना न भोसकता त्यांच्यामधून वाट काढतं. आईने चष्मा वर केला, दिव्याजवळ गेली आणि ते टोक अंगठ्याच्या नखावर हळूच फिरवत बराच वेळ उभी राहिली.