घरी मिसळलेल्या आम्रखंडाच्या लिक्विडची चव फिकी का लागत होती

सिगारेट सोडल्यानंतर मी व्हेपिंगकडे, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याकडे, वळलो आणि काही काळाने तयार बाटल्या विकत घेण्याऐवजी लिक्विड, म्हणजे त्यात तापवून ओढायचा सुगंधी द्रव, घरीच मिसळू लागलो. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. येथे प्रौढ व्यक्तीला हे कायद्याने करता येते. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण या सर्वांवर बंदी आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हा अनुभव केवळ माहिती म्हणून वाचावा. आणि जो मुळात धूम्रपान करीत नाही त्याने या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

लिंबू, पुदिना, स्ट्रॉबेरी हे साधे प्रकार चांगले जमले होते. अडले ते आम्रखंडापाशी. आंब्याचा अर्क, कस्टर्डचा अर्क आणि वेलचीचा किंचित अंश असे मिश्रण बाटलीत नाकाशी धरले की घमघमत असे; ओढल्यावर मात्र कोमट गोडपणापलीकडे काही जाणवत नसे. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा अर्काच्या बाटलीकडे जातो. मी आधी नाक आणि उपकरण तपासायचे ठरवले, कारण लिक्विड बदलून पाहायला वेळ आणि साहित्य दोन्ही खर्च होतात, तर या दोन गोष्टी संध्याकाळभरात उलगडतात.

ज्याला आपण चव म्हणतो त्यात वासाचा वाटा फार मोठा असतो आणि एकच वास दिवसभर घेत राहिले की नाक त्याची दखल घेणे सोडते. व्हेपिंग करणारे लोक याला ‘व्हेपर्स टंग’ (व्हेपिंग करणाऱ्याची जीभ) म्हणतात, जरी त्यात जिभेचा दोष बहुधा नसतो. सकाळी चहाच्या आधी ओढले तेव्हा पहिल्या दोन-तीन झुरक्यांत आंबा ओळखू येत होता आणि नंतर विरत होता. म्हणजे थोडा भाग नाकाचा होता, पण सगळा नव्हे. त्याच नाकाला लिंबाचे लिक्विड लख्ख लागत होते. मग उपकरणात नवी कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, बसवून, तिच्यातला कापूस पूर्ण भिजू देऊन तेच मिश्रण पुन्हा पाहिले. जुन्या कॉइलवर गोड लिक्विडमुळे काळा थर साचतो आणि तो जळकट गोडवा बारीक वास झाकून टाकतो. कॉइल बदलल्यावर चव स्वच्छ झाली, तरी फिकी ती फिकीच राहिली. आता शंका बाटलीतल्या द्रवावरच होती.

येथे निकोटीनच्या हिशेबाने मला पहिला खरा धागा दिला. ब्रिटनमध्ये निकोटीन असलेले द्रव १० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत आणि मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा तीव्र विकता येत नाही, म्हणून घरी मिसळणारे लोक १० मिलिलिटरच्या ‘निकोटीन शॉट’वर, म्हणजे मिश्रणात ओतायच्या निकोटीनच्या छोट्या बाटलीवर, अवलंबून असतात. या शॉटमध्ये सहसा कोणताही सुगंध नसतो. ५० मिलिलिटर मिश्रणात आंबा ६ टक्के ठेवला आणि १८ मिलिग्रॅमचा एक शॉट ओतला की एकूण ६० मिलिलिटर होते, निकोटीन मिलिलिटरमागे ३ मिलिग्रॅमवर येते आणि आंबा ५ टक्क्यांवर उतरतो. दोन शॉट ओतले तर तो साधारण ४.३ टक्केच उरतो. कित्येक पाककृतींत दिलेली टक्केवारी शॉट धरून आहे की न धरता, हे लिहिलेलेच नसते. मी शेवटच्या एकूण मापावरून उलटा हिशेब मांडला तेव्हा फिकेपणातला मोठा हिस्सा तिथेच सापडला.

मोजण्याची पद्धतही त्याच ओघात बदलली. थेंब मोजून मिसळण्यात अर्थ नाही, कारण थेंबाचा आकार नळीच्या तोंडावर आणि द्रवाच्या दाटपणावर ठरतो. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू पुरतो. लिक्विडचा पाया असलेल्या दोन द्रवांबद्दल एवढे लक्षात ठेवावे लागते की एक मिलिलिटर व्हेजिटेबल ग्लिसरीन सुमारे १.२६ ग्रॅम भरते आणि तेवढेच प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १.०४ ग्रॅम. निकोटीन हाताळताना हातमोजे घालणे आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणे हा मात्र तराजूच्याही आधीचा नियम.

या दोन द्रवांच्या प्रमाणाचा परिणाम मला वाटला होता त्याहून अधिक निघाला. ग्लिसरीन दाट आणि अंगचे गोड असते, धूर भरपूर देते, पण सुगंधाची धार बोथट करते. ग्लायकॉल पातळ असते आणि सुगंध मोकळा ठेवते. ८० टक्के ग्लिसरीनवरून ६५ टक्क्यांवर आल्यावर त्याच अर्कांतला आंबा पुढे आला. धूर कमी झाला, त्याचे मला काही वाटले नाही.

यानंतरच मी अर्क वाढवून पाहिला. आंबा ७ टक्क्यांपर्यंत सुधारत गेला. १० टक्क्यांच्या पुढे चव वाढायचे सोडून भिंतीच्या रंगासारखी, साबणासारखी एक कडसर छटा आली आणि फळ उलट मागे सरले. गोडीसाठी घातलेल्या एथिल माल्टॉलचेही तसेच. थोड्या प्रमाणात ते कडा गोलसर करते, जास्त झाले की सगळ्या मिश्रणावर साखरेची गोधडी पांघरते. ते मी पूर्ण काढून टाकले, आणि केवळ काढून टाकण्याने चव वाढलेली पाहून मला मौज वाटली. थंडाव्याचा अर्कही वगळला. आम्रखंड फ्रीजमधले हवे म्हणून जिभेला बधिर करण्यात शहाणपण नाही.

उरला मुरण्याचा प्रश्न. फळांचे साधे मिश्रण एक-दोन दिवसांत ओढण्याजोगे होते. कस्टर्ड, व्हॅनिला यांना दोन ते चार आठवडे लागतात आणि लोणच्याप्रमाणेच ताज्यात वेगवेगळ्या लागणाऱ्या चवी हळूहळू एकजीव होतात. बाटली घट्ट बंद करून अंधाऱ्या कपाटात ठेवावी. झाकण उघडे ठेवून ‘श्वास घेऊ द्यावा’ असा सल्ला पुष्कळ जण देतात, पण त्यात आंब्याचे उडून जाणारे हलके वासच आधी जातात आणि हवेने निकोटीनही काळवंडते. व्हॅनिलाच्या अर्कातल्या व्हॅनिलिनमुळे द्रव तपकिरी होतो, ते बिघडल्याचे लक्षण नव्हे.

वेलचीपाशी मात्र मी अडून बसलो. घरात वेलचीचे तेल आणि श्रीखंडात घालायचा इसेन्स दोन्ही होते, पण तेलयुक्त काहीही फुप्फुसात जाता कामा नये. खाण्यास सुरक्षित असलेला पदार्थ ओढण्यास सुरक्षित ठरत नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे झालेल्या फुप्फुसांच्या गंभीर आजारांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाचा मोठा हात आढळला होता. लोणीदार चव देणाऱ्या डायॲसिटिलचा संबंध मिझुरीतील पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांच्या आजाराशी जोडला गेला, म्हणून कस्टर्डचा अर्कही मी ते नसल्याची खात्री करूनच घेतला, मग मलईदारपणा थोडा कमी पडला तरी चालेल. वेलचीचा ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला अर्क मागवला आणि तो पाव टक्काच घातला. अर्ध्या टक्क्याला तो आंब्याला गिळून टाकतो.

आता माझ्या वहीत आंबा ७, कस्टर्ड ३, वेलची पाव टक्का, ग्लिसरीन ६५, आणि सर्व आकडे शॉट धरून, अशी नोंद आहे. हापूसचा तो पिकलेला, किंचित उग्र दरवळ यातही उतरलेला नाही. लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या सुगंधी रसायनांच्या ज्या मेळातून तो घडतो, तो एकाच आंब्याच्या अर्कात मिळेल असे मला वाटत नाही, म्हणून पुढच्या मिश्रणात पीचचा अर्धा टक्का घालून पाहणार आहे.